साहेबांचा गोल

चकलांब्यात हॉकी कळणारं माणूस एकच, आणि त्या माणसाला उरलेलं गाव फारसं पसंत नव्हतं. ते माणूस म्हणजे वत्सलाबाई. गावच्या शाळेत चौतीस वर्षं खेळाच्या बाई होत्या, निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी गळ्यातली शिट्टी उतरली नव्हती. आता शिट्टी कशाला, असं कुणी विचारलं तर म्हणत, "कुत्र्यांना." आणि समोरच्याकडे असं बघत की त्यानं पुढचा प्रश्न गिळून टाकावा.

सप्टेंबरातल्या त्या मंगळवारी शाळेच्या मैदानावर सत्काराचा मांडव घातला होता. फाटकावर फ्लेक्स लागला होता. त्यावर तालुक्याचे पुढारी सुंदरराव यांचा चेहरा गाडीच्या चाकाएवढा, त्यांच्या भोवती गावातल्या सत्तावीस शुभेच्छुकांचे चेहरे भाकरीएवढे, आणि खाली कोपऱ्यात परवान्यावर चिकटवतात तेवढ्या फोटोत एक पोरगी. तिच्या खाली लिहिलं होतं : चकलांब्याची ध्यानचंद.

वत्सलाबाई फ्लेक्ससमोर थांबल्या. शेजारी मुख्याध्यापक बद्रीनाथ सर उभे होते.

"कसं वाटतंय बाई? मीच सुचवलं."

"पोरगी काय खेळते, सर?"

"हॉकी."

"हॉकीत काय?"

बद्रीनाथ सरांनी मांडवाकडे पाहिलं, जणू उत्तर तिथं टांगलेलं होतं. "हॉकीच की."

"गोलकीपर आहे ती. ध्यानचंद थोर माणूस, पण त्यांचं काम गोल करायचं. त्यांच्यासारख्यांना अडवायला हिला उभी केलीय. तुम्ही वॉचमनच्या खोलीवर सराफाचं नाव लिहून ठेवलंय."

"लोकांना कुठं एवढं कळतंय बाई. एकच नाव माहीत हाय सगळ्यांना, तेच टाकलं."

"लोकांचं सोडा," वत्सलाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

पोरगी म्हणजे सायली, परमेश्वरची. परमेश्वर आणि त्याची बायको दर वर्षी दसरा झाला की टोळीबरोबर ऊसतोडीला जात. सायली दहावीला होती. तीन वर्षांपूर्वी वत्सलाबाईंनी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं, ते शेळ्या कोंडताना. काट्यांच्या कुपाटीला भगदाड पडलं होतं आणि त्या भगदाडात ही उभी होती. तेरा शेळ्या एकदम उसळल्या, पण एकही बाहेर गेली नाही. पोरगी हातानं नव्हे, पायानं अडवत होती, आणि शेळी कुठून येणार हे शेळीच्या आधी तिला कळत होतं. वत्सलाबाई रस्त्यावर उभ्या राहून सगळं बघत होत्या. मग एवढंच म्हणाल्या, "उद्या सहा वाजता मैदानावर ये. अंघोळ करून नाही आलीस तरी चालेल, उशिरा नको."

पॅड बाईंनी स्वतःचे दिले. विद्यापीठाच्या संघातून खेळताना घातलेले ते पॅड कॅनव्हासचे होते, आत वेताच्या कांबी, चामड्याचे पट्टे. माळ्यावर पडून त्यांना उंदरांनी दोन ठिकाणी कुरतडलं होतं. सायलीच्या पायात ते कोंबडीला बूट घातल्यासारखे दिसत. ती त्याच पॅडांत तालुका खेळली, जिल्हा खेळली, विभागाला उसन्या पॅडांत खेळली, आणि आता गुरुवारी पुण्याला सरकारी क्रीडा प्रबोधिनीची निवड चाचणी होती. निवड झाली तर राहणं, जेवण, शाळा, सगळं तिथंच. नाही झाली तर दसऱ्यानंतर तिनं आईबापाबरोबर फडात जायचं, हे परमेश्वरनं आधीच सांगून ठेवलं होतं. रागानं नव्हे, घरात तिच्याजवळ राहायला कुणी नव्हतं.

सायलीची तुलना वत्सलाबाईही करत. रोज करत. पण त्यांच्या तोंडी येणारी नावं कुठल्या फ्लेक्सवर नसत. "नांदेडला मी रेल्वेच्या संघातली एक गोलकीपर पाहिली होती," त्या म्हणत. "बॉल निघायच्या आत एक पाऊल पुढे आलेली असायची. तू रेषेला चिकटून उभी राहतेस, पापड वाळत घातल्यासारखी." कधी म्हणत, "औरंगाबादला एक ख्रिश्चन मुलगी होती, डावा पाय असा टाकायची की बॉलला लाज वाटावी. तुझा डावा पाय अजून शेतातच आहे."

"बाई, त्या बाया आता कुठं हायत?" सायलीनं एकदा विचारलं.

"मेल्या असतील नाहीतर नातवंडं खेळवत असतील. डावा पाय."

गावातल्या माणसांबद्दलचा बाईंचा तिरस्कार सर्वांना ठाऊक होता. एका माणसाबद्दलचा मात्र कुणाला ठाऊक नव्हता, कारण तो त्यांचा स्वतःबद्दलचा होता.

शहाऐंशी साली याच मैदानाचं उद्घाटन झालं, तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या. नोकरी तात्पुरती होती. उद्घाटनाला सुंदररावांचे वडील, अमरसिंहराव आले होते. पुढाऱ्यानं पहिला बॉल मारायचा आणि गोलकीपरनं तो सोडायचा, ही रीत तेव्हाही होती. आजही आहे, क्रिकेटच्या सामन्यांना साहेबांना हलका बॉल टाकतात, साहेब बॅट फिरवतात, टाळ्या पडतात, आणि मग खरा खेळ सुरू होतो. त्या दिवशी वत्सलाबाई गोलमध्ये होत्या. अमरसिंहरावांनी मारलेला बॉल मातीत रखडत आला आणि रेषेच्या दोन विती अलीकडे थांबला. नुसता सोडायचा असता तर त्यांनी सोडला असता. पण तो येतच नव्हता. मांडव वाट बघत होता. संस्थेचे सचिव पहिल्या रांगेतून डोळे वटारत होते. मग वत्सलाबाईंनी उजवा पाय पुढे केला आणि बॉल हळूच आत ओढून घेतला.

टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी बीडच्या एका पेपरात अमरसिंहरावांचा फोटो आला, खाली लिहिलेलं, साहेबांनी ध्यानचंदांची आठवण करून दिली. महिन्याभरात बाईंची नोकरी कायम झाली. दोन गोष्टींचा संबंध असेल, नसेल. वत्सलाबाईंनी मात्र तो धरला. त्या गोलावर आपण चौतीस वर्षं भाकरी खाल्ली, असंच त्या मानत आल्या.

आजही रीत तीच होती. सुंदरराव आधी बॉल मारणार, सायली सोडणार, मग तिला फेटा, नारळ आणि भेट. भेट काय, हे ऑगस्टातच ठरलं होतं. चाचणीला किट आपापलं आणायचं होतं, आणि सुंदररावांनी फोनवर परमेश्वरला शब्द दिला होता, "पोरीचं सगळं सामान आपल्याकडून." वत्सलाबाईंनी स्वतःच्या अक्षरात यादी करून त्यांच्या सुरजकडे दिली होती. सुरज म्हणजे साहेबांचे फोन उचलणारा, फोटो काढणारा आणि गाडीचं दार उघडणारा पोरगा. यादीत पॅड, किकर्स, हेल्मेट, छातीचं गार्ड. किकर्स म्हणजे पायाच्या पंज्यावर बांधायचे ते, असंही कंसात लिहिलं होतं.

सकाळी बाईंनी सायलीला सांगितलं होतं, "त्याचा बॉल सोडून दे."

"कावून?"

"अडवून काय मिळणार? तो बॉल आहे का? डास आला असं समज. किट घे आणि घरी चल."

चारचा कार्यक्रम, सुंदरराव साडेपाचला आले. जेसीबीच्या फावड्यातून त्यांच्यावर झेंडूच्या पाकळ्या ओतल्या गेल्या. जेसीबीला उभं राहायला मोकळी जागा गोलसमोरच सापडली, त्यामुळे पाकळ्यांचा निम्मा ढीग गोलच्या तोंडाशी पडला. तो झाडावा असं कुणाला वाटलं नाही. साहेबांच्या फुलांना झाडू कोण लावणार?

भाषणं झाली. सरपंच भगवानराव म्हणाले, ध्यानचंद असते तर आज चकलांब्याला आले असते. बद्रीनाथ सर म्हणाले, इतिहास स्वतःला परत लिहितो. वत्सलाबाई दुसऱ्या रांगेत बसून व्यासपीठावरच्या टेबलाकडे बघत होत्या. टेबलावर सोनेरी कागदात गुंडाळलेली भेट होती, लांब आणि बारीक. वत्सलाबाईंनी डोळे बारीक केले. गोलकीपरचे पॅड बांधले तर गादीएवढं गाठोडं होतं. हे तर केरसुणीएवढं होतं.

पलीकडे सुरज मोबाइल धरून उभा होता. बाईंनी त्याला बोटानं बोलावलं.

"त्यात काय आहे?"

"स्टिक हाय, बाई. लई भारी. फॉरवर्डवाली. पुण्याहून मागवली."

"आणि यादी?"

"यादी दाखवली की साहेबांना. पण साहेब म्हणले, ध्यानचंदाला स्टिकच शोभती. पॅड फोटोत काय कळत न्हाईत."

 तेवढ्यात सुंदरराव मैदानात उतरलेही होते. साप मारायला काठी धरावी तशी त्यांनी स्टिक धरली. सायली जुने पॅड बांधून गोलमध्ये उभी होती, रेषेला चिकटून, सांगितल्याप्रमाणे बॉल सोडायला. परमेश्वर मांडवाच्या खांबाला धरून उभा होता. त्याची नजर बॉलवर नव्हती, सोनेरी कागदावर होती.

सुंदररावांनी मारला. बॉल निघाला, मातीवरून आला, पाकळ्यांच्या ढिगात शिरला, आणि थांबला. रेषेच्या दोन विती अलीकडे.

मांडवात कुणी हसलं नाही. टाळ्यांसाठी वर आलेले हात तसेच राहिले. सुंदरराव स्टिकवर भार देऊन हसत उभे राहिले, आता उरलेलं काम दुसऱ्यानं करायचं असतं अशा सवयीनं. बद्रीनाथ सर दबक्या आवाजात म्हणाले, "घे पोरी, पायानं घे आत."

सायलीनं वत्सलाबाईंकडे पाहिलं.

वत्सलाबाई उभ्या राहिल्या. एकोणचाळीस वर्षांपूर्वी अशीच एक मान वळली होती, आणि समोर डोळे वटारणारे सचिव होते. त्यांनी शिट्टी तोंडात धरली, पण वाजवली नाही. सरावाला रोज सांगत त्याच आवाजात त्या म्हणाल्या, "सायली, बॉल बाहेर."

सायली एक पाऊल पुढे आली. डावा पाय फिरला. पाकळ्यांसकट बॉल उडाला आणि पहिल्या रांगेतल्या सोफ्याखाली जाऊन बसला, भगवानरावांच्या चपलांशेजारी.

सगळे सुंदररावांच्या तोंडाकडे बघू लागले. सुंदररावांनी क्षणभर सोफ्याकडे पाहिलं, मग माईक मागून घेतला.

"बघा," ते म्हणाले. "माझा बी गोल अडवला पोरीनं. म्हणूनच म्हणतो आमी, ध्यानचंद हाय ही."

टाळ्यांनी मांडव दणाणला. वत्सलाबाई खाली बसल्या. माणसाचा अपमान करायचा तरी त्याला थोडं कळावं लागतं, एवढं त्यांच्या ध्यानात आलं.

घरी परमेश्वरनं सोनेरी कागद सोडवला, स्टिक दोन्ही हातांत धरून उलटीसुलटी केली. "बाई, पॅड कुठंयत?"

"नाहीत."

"तुमी अडवायला सांगितलं म्हणून न्हाई दिले का?"

"कागद तू आत्ता सोडवलास. गुंडाळून तर त्यानं बॉल मारायच्या आधीच ठेवलं होतं."

परमेश्वरनं कागदाची नीट घडी घातली. मग म्हणाला, "साहेब नाराज झाले असतील."

"नाराज व्हायला कळावं लागतं, परमेश्वर."

बुधवारी सकाळी वत्सलाबाई आणि सायली बीडला गेल्या. स्टँडजवळच्या खेळाच्या दुकानात बाईंनी स्टिक काउंटरवर ठेवली आणि तिच्या बदल्यात काय मिळेल ते विचारलं. दुकानदार स्टिककडे बघून हळहळला, मग आतून किकर्सची जोडी काढली आणि मागच्या सालचं, जाळीचा रंग उडालेलं एक हेल्मेट. पॅड नव्हते. छातीचं गार्डही नव्हतं. बाईंनी घासाघीस केली नाही. दुकानदार प्रामाणिक आहे हे त्यांना कळलं, आणि म्हणून त्यांना त्याचाही थोडा राग आला.

पुण्याच्या गाडीत बसतानाच सुरजचा फोन आला. "बाई, चाचणीला पोरीचा स्टिक धरून एक फोटो पाठवा. साहेबांच्या पेजला टाकायचाय."

"स्टिक तिच्या पायात आहे," वत्सलाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

गुरुवारी मैदानाच्या कडेला मुली किट चढवत होत्या, नवं, हलकं, रंगीत. सायलीनं नव्या किकर्सवर जुने वेताचे पॅड बांधले. छातीचं गार्ड एका सातारच्या मुलीनं स्वतःची चाचणी झाल्यावर काढून दिलं. निवड करणाऱ्या प्रशिक्षकांनी पॅडांकडे बोट केलं. "हे कुठल्या जमान्यातले?"

"आमच्या बाईंच्या," सायली म्हणाली.

पहिला बॉल तिनं अडवला. दुसरा आत गेला, आणि जाळीबाहेर वत्सलाबाईंनी दात आवळले. पोरगी रेषेला चिकटली होती. तिसऱ्याला ती पुढे आली. चौथ्यालाही. मग बाईंनी मोजणं सोडून दिलं. शेजारी उभा असलेला कुणाचा तरी बाप कौतुकानं म्हणाला, "अगदी जुन्या काळची कुणीतरी आठवते हिला बघून. नाव येत नाही तोंडात."

"आणू पण नका," बाई म्हणाल्या. "बॉल बघा."

दुपारी यादी लागली. वत्सलाबाईंनी ती दोनदा वाचली, आडनावासकट, मग परमेश्वरला फोन लावला.

"दसऱ्याला टोळीत दोघंच जा. तिसरं माणूस धरू नका."

 "म्हंजी झाली का बाई," परमेश्वरनं विचारलं, "पोरगी ध्यानचंद?"

"नाही," वत्सलाबाई म्हणाल्या. "गोलकीपर झाली."