शिट्टीनंतरचा शेवट

निमूट माणसांचा मला राग येतो, हे आधीच सांगून टाकते. लोक त्यांना सोशिक म्हणतात, गुणी म्हणतात आणि सगळी कामं त्यांच्या गळ्यात घालून मोकळे होतात. आमच्या लाँड्रीत कपडे घ्यायच्या-द्यायच्या टेबलामागे मी बसते. माझ्या पाठीमागे, खिडकीच्या उजेडात, रफूताई बसते. इतकी वर्षं माझं बोलणं तिच्या एका कानातून शिरून दुसऱ्या कानातून गेलं आणि मी काही बोलायची थांबले नाही.

तिचं खरं नाव दुकानात कुणी घेत नाही. कोटाला कसर लागलेली असो, नव्या पँटला सिगारेटने भोक पडलेलं असो, ती त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून धागे काढते आणि भोक असं विणून टाकते की गिऱ्हाईक कपडा उलटासुलटा करत विचारतं, "कुठे होतं हो?" तेवढ्यावर ती खूश. दुपारी जेवणाची वेळ झाली की मात्र तिच्या हातातली सुई थांबते. डबा न उघडता ती पिशवी खांद्याला लावते आणि निघते, कारण घरी बाबा वाट बघत असतात.

बाबांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवी बाजू गेली, डावा हात आणि जीभ मात्र शाबूत. त्यातही जीभ जरा जास्तच शाबूत. सकाळी शेजारची एक बाई येऊन त्यांचं सगळं करायची. पण दुपारी त्यांना मुलगीच लागायची. दुपारी 'यान' लावायचं असायचं.

यान म्हणजे एक जुना सिनेमा. एक कुटुंब, म्हणजे आई, बाप, मोठी मुलगी आणि धाकटा, मालवाहू यानातून जात असतं. उल्केचा दगड लागून ते भरकटतं, आणि मग दोन तास ही चार माणसं घरी परतायची धडपड करतात. रफूताई लहान असताना त्या घरात व्हिडिओ आला आणि त्याच्यासोबत ही एकच कॅसेट आली. रविवारी दुपारी दिवाणखान्याचं यान व्हायचं. बाबा खुर्चीत बसून कप्तान, त्यांच्या डाव्या हाताला स्टुलावर ही पायलट, पलंगावर धाकटा भाऊ यंत्रमानव आणि स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून आई इंजिनघरात. यान सुटताना सगळ्यांनी मागे रेलायचं. उल्का आली की डावीकडे झुकायचं. इंजिनघराने झुकताना एकदा आमटी सांडली होती म्हणे.

हे मला कसं माहीत? एकदा बाबांची औषधं पोचवायला गेले आणि दमून दाराशेजारच्या खुर्चीत टेकले, तर कप्तान ओरडले, "उठा! ते इंजिनघर आहे!" तिची आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. भाऊ दूर देशी संसाराला लागला होता. यानात दोघंच उरली होती, पण जागा बदललेल्या नव्हत्या.

त्या दिवशी मी उभ्याउभ्याच तो सिनेमा पाहिला. कॅसेट घासून घासून चित्र हिरवट झालेलं, मधूनमधून नुसता बर्फ पडल्यासारखं. शेवटाकडे गोष्ट रंगात येते. यान निकामी होतं. सुटकेसाठी एक छोटं यान असतं आणि त्यात जागा तिघांची. बापाचा पाय मोडलेला. तो छोट्या यानाच्या दारावर हात ठेवतो, मुलीकडे बघतो, आणि इतक्यात कर्कश शिट्टी वाजते आणि सहा मुलं धपाधप पाण्यात उड्या मारतात.

मी दचकलेच. "हे काय मध्येच?"

"माझा भाऊ," रफूताई म्हणाली. "डावीकडून तिसरा. पोहण्याची शर्यत."

कॅसेट नवी होती, घरात अजून कुणी पाहिलीही नव्हती, तेव्हाच तिच्या काकाने कुणाचातरी कॅमेरा आणून शाळेतली शर्यत टिपली होती आणि घरी उतरवून घेताना कोरी कॅसेट बाजूला ठेवून नेमकी यानाची आत घातली होती. सिनेमाचा शेवट गेला आणि त्या जागी भाऊ आला, तोही पाचवा. दुसऱ्या घरात काकाला फाडून खाल्लं असतं. या लोकांनी काय करावं? त्यांनी शर्यतही सिनेमातच धरली. भाऊ पाचवा आला की टाळ्या वाजवायच्या, आणि मग आईने उरलेला शेवट तोंडी सांगायचा. आई गेल्यावर तो सांगायचं काम हिच्याकडे आलं.

त्या दिवशीही टाळ्या झाल्या. भावाने पाण्यातून डोकं वर काढलं आणि रफूताईने टीव्ही बंद करून सांगायला सुरुवात केली. "मग आई आणि धाकटा छोट्या यानात बसले. मुलगी म्हणाली, मी नाही येत, बाबांजवळ कोण राहील? ती राहिली. खाली घरात दिवे लागले आणि वर यानात बापलेकींनी एक दिवा लावला. मुलगी शहाणी होती." अगदी पाठ केल्यासारखं. कप्तान डोळे मिटून ऐकत होते.

घरी जाताना मी वाटभर स्वतःशीच भांडत गेले, ते त्या दिव्यामुळे नव्हे. एखाद्या बाईने रोज दुपारी स्वतःच्या तोंडाने स्वतःला कोंडून घ्यावं आणि वर 'शहाणी होती' म्हणून पाठ थोपटावी, हे काही माझ्याच्याने बघवेना.

आणि मग मालकांनी ती गोष्ट काढली. समुद्राकाठच्या गावात आमची दुसरी शाखा निघत होती. तिथलं शिवणाचं, रफूचं सगळं काम रफूताईने बघावं, हाताखाली दोन मुली, वर राहायला खोली. "पुढच्या शनिवारपर्यंत सांगा," मालक म्हणाले. मालक तसे घुम्या स्वभावाचे, कुणाची स्तुती करताना त्यांना ठसका लागतो. ते म्हणाले, "तुम्ही नाही म्हणालात तर शिवणाचं काम तिथे सुरूच करणार नाही."

ते गेल्यावर ती बराच वेळ सुईत दोरा ओवत बसली. दोरा जाईना. मी म्हटलं, "आण इकडे." दिला नाही.

"खिडकी असेल का गं त्या खोलीला?" तिने विचारलं.

"समुद्राच्या गावात खिडकी नसेल तर काय भिंत बघायला बांधतात का घरं?"

ती हसली. मग म्हणाली, "पण नाहीच जमायचं. बाबांजवळ कोण राहील?"

तेच शब्द, त्याच चालीत. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, सकाळची बाई दिवसभर राहायला तयार आहे, तिनेच मला सांगितलंय. भाऊ काय नुसता पाचवा यायला जन्मला का? त्याला म्हणावं, ये, सहा महिने बापाला घेऊन जा. यावर तिचं उत्तर ठरलेलं, "तू नाही समजायचीस." इथेच घोडं पेंड खायचं. बाबांना तिने शाखेबद्दल चकार शब्द सांगितला नव्हता. विचारलंच नाही तर 'नको' ऐकावं लागत नाही आणि 'जा' म्हणाले तर करायचं काय, ही त्याहून मोठी भीती.

त्याच आठवड्यात व्हिडिओने कॅसेट खाल्ली. फीत यंत्रात अडकून तिचा गुंता झाला आणि रफूताईच्या बोटांनीसुद्धा हात टेकले. दोन दिवस कप्तान जेवले नाहीत. तिने भावाला कळवलं, आणि त्या पाचव्याने आयुष्यात पहिल्यांदा चपळाई दाखवली. त्याने यानाची नवी डिस्क धाडून दिली. स्वच्छ केलेली प्रत, संपूर्ण सिनेमा, वर चौघांचे हसरे चेहरे. डिस्क लावायचं यंत्र त्यांच्याकडे नव्हतं, म्हणून शुक्रवारी दुपारी माझं यंत्र काखोटीला मारून मीच गेले. या वेळी पलंगावर बसले, यंत्रमानवाच्या जागी.

सिनेमा सुरू झाला आणि कप्तानांनी नाक मुरडलं. "फार स्वच्छ आहे. अंतराळ असं नसतं." चित्र खरंच लख्ख होतं. यानाला वरून बांधलेली दोरी दिसत होती. उल्का बहुतेक कागदाच्या लगद्याची. आणि कप्तानाचा गणवेश निळा निघाला. रफूताई "अय्या!" करून उठलीच. लहानपणी तिने बाबांना हिरवा गणवेश शिवला होता, पहिलंवहिलं शिवण, एका बाहीचा घेर दुसरीच्या दुप्पट. "कॅसेटच हिरवी होती हो बाबा! आपण उगीच…"

"मला हिरवाच आवडतो," ते म्हणाले. यान सुटलं तेव्हा तिघंही मागे रेललो. मीसुद्धा. न रेलून सांगता कुणाला?

शेवट जवळ आला तशी ती स्टुलाच्या कडेवर आली. छोटं यान, तिघांची जागा, दारावर बापाचा हात. मीही शिट्टीची वाट बघायला लागले. शिट्टी वाजली नाही.

पडद्यावरचा बाप म्हणाला, "आत बस. चालवायला तुलाच येतं." मुलगी म्हणाली, "मी नाही येत. तुमच्याजवळ कोण राहील?" म्हणजे रफूताईच्या आईचं वाक्य खरं होतं, तिथपर्यंत खरं होतं. पुढे बापाने मुलीला आत ढकललं, बाहेरून दार लावलं आणि खटका ओढला. ती काचेवर मुठी आपटत राहिली आणि छोटं यान सुटलं. मग तिने डोळे पुसले आणि दांडा हातात घेतला. मुलीनेच ते यान खाली आणलं, रडत रडत, वाकडंतिकडं, पण आणलं. रेडिओवर बापाचा आवाज आला, "उतरलीस? शाब्बास. आता मला न्यायला कुणाला तरी पाठव." दुसरं मोठं यान वर निघालं, आणि नावं यायला लागली.

वाद्यं वाजत होती ती मी बंद केली. रफूताई अजून पडद्याकडेच बघत होती.

"आईला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "तिने आपलं जुळवून सांगितलं असणार." मग ती बाबांकडे वळली. त्यांचा चेहरा बघून तिला काय दिसलं कोण जाणे, तिचा आवाजच बदलला. "बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"थिएटरात पाहिला होता. दोघांनी."

"मग आई असं का…"

"शर्यत लागली आणि तू रडायला लागलीस. शेवट सांग, शेवट सांग म्हणून. बापाला एकटं टाकून मुलगी गेली म्हटलं असतं तर तू जेवली नसतीस. म्हणून ती म्हणाली, राहिली. तेवढ्यापुरतं होतं ते."

"तेवढ्यापुरतं," रफूताई म्हणाली.

मला तिथून पळून जावंसं वाटलं. दुसऱ्याच्या घरातलं असलं काही ऐकायला माणसाचे कान केलेले नसतात.

"मग नंतर कधी सांगितलं का नाहीत? मी मोठी झाल्यावर? रोज मी सांगायची आणि तुम्ही ऐकायचात."

जिभेला कधी कुलूप न लागलेला माणूस, शब्द शोधत होता. "नंतर," ते म्हणाले, "मलाच तो शेवट आवडायला लागला."

त्यांचा मला फार राग आला आणि फार कीवही आली, दोन्ही एकदम. कदाचित म्हणूनच माझं तोंड सुटलं. मी म्हटलं, "काका, तिला समुद्राकाठच्या शाखेत बोलावलंय. सगळं काम तिच्या हाताखाली. उद्या सांगायचंय आणि ही नाही म्हणणार आहे."

"तू गप्प बस गं!" रफूताई माझ्यावर ओरडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला बरंच वाटलं.

कप्तानांनी मान वळवली. "सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं? जायचंच नाहीये."

"जायचंय का, हे विचारतोय मी."

मग तिने मान हलवली. होय अशी. आणि तोंडावर हात घेऊन ढसाढसा रडली.

"मग जा," ते म्हणाले. आवाज अगदी कप्तानाचा होता, खणखणीत. पण त्यांचा डावा हात स्टुलाकडे गेला होता आणि त्या हाताने तिचं मनगट पकडलं होतं. "जा म्हणतोय ना. मी राहीन. ती बाई येते, मी राहीन. जा." बोलत होते आणि मनगट सोडत नव्हते. बोटांची पेरं पांढरी पडली होती. त्यांना ते कळत होतं की नाही, देव जाणे.

तिने थोडा वेळ वाट पाहिली. त्यांनी सोडावं म्हणून थांबली होती, हे माझ्यासारख्या तिऱ्हाइतालाही कळलं. मग तिने दुसरा हात पुढे केला आणि करंगळीपासून सुरुवात केली. न ओढता, न दुखवता, एकेक बोट ती सोडवत गेली. त्यांनी एकही बोट आपणहून उचललं नाही.

अंगठा तेवढा राहिला होता. "एवढी घाई काय आहे?" ते म्हणाले.

"आहे, बाबा," ती म्हणाली. तोही सोडवला, त्यांचा हात त्यांच्या मांडीवर नीट ठेवला आणि भावाला फोन लावायला आतल्या खोलीत गेली.