नानाची नोकरी आणि सांडलेलं औषध

मार्चमधला शनिवार. होळी होऊन आठवडा झालेला, अंगणातल्या फरशीच्या खाचांत अजून हिरवा रंग.

हजर: मी, माझा नवरा, कोल्हापूरहून आमच्याकडे उत्तरेत आलेली त्याची थोरली बहीण, जिला आम्ही सगळेच अक्का म्हणतो, आमची लेक, पण फक्त सकाळी आणि संध्याकाळी, तिची दीड वर्षाची मुलगी, पूर्ण वेळ. गैरहजर: जावई, ऑफिसच्या कामानं कानपूरला.

हजेरी लिहिल्याशिवाय मला कुठल्याच दिवसाची गोष्ट सुरू करता येत नाही. ऑफिसात मीटिंगांचे वृत्तान्त लिहून लिहून ही सवय लागली, आणि घरातल्यांनी आता हसणंही सोडलंय.

त्या दिवशी नवऱ्याच्या नोकरीचा निकाल लागायचा होता. दिवाळीत त्यानं बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. काही दिवस पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचले. मग माझे मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावले, म्हणजे हळदीच्या जागी साबुदाणा आला. त्याला काम हवं होतं, आणि काम त्यानं मनाशी ठरवूनही टाकलं होतं: नात सांभाळायची. इतके दिवस तिला तिची दादी सांभाळत होती, पण दादी आता धाकट्या मुलाकडे जाणार होत्या. लेकीपुढे दोन पर्याय होते. जानकीपुरममध्ये तिच्या घराजवळचं एक पाळणाघर, नाहीतर अलीगंजमधले आम्ही. मी नोकरीवर जाते, म्हणजे आम्ही याचा अर्थ तो एकटाच. पाळणाघराला शनिवारी संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

लेकीचा विश्वास बसत नव्हता. ती तोंडावर म्हणाली होती, "बाबा, आप तो लॉकर की चाबी संभालते थे। चाबी रोती नहीं।"

शुक्रवारी नातीला बूस्टरची लस दिली. शनिवारी सकाळी मांडी जरा सुजलेली, अंग कोमट, आणि लेकीला प्रयोगशाळेत गेल्यावाचून गत्यंतर नव्हतं. ती दारातच म्हणाली, "चलो बाबा, आजच ट्रायल घेऊ."

मग फ्रिजसमोर उभं राहून तिनं कामं सोपवली. आमची लेक दिवसभर थेंब मोजणारी बाई आहे, त्यामुळे ते ऐकण्यासारखं होतं. पॅरासिटामॉलची एकच बाटली तिनं आणली होती, तिच्यासोबत सुईशिवायची रेषांची प्लास्टिकची पिचकारी, आणि डॉक्टरांची चिठ्ठी. चिठ्ठीत आकडा होता. तो मी इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण तो आमच्या नातीच्या वजनाचा आणि त्याच बाटलीचा आहे. तुमच्या घरचं मूल वेगळं, बाटली वेगळी.

"बाटली आधी हलवायची," ती म्हणाली. "मग पिचकारीत रेषेपर्यंत. चमच्यानं नाही. दोन डोसांत कमीत कमी चार तास, आणि दिवसरात्र मिळून चारदाच, त्याहून जास्त नाही. दिला की वेळ लिहायची."

"आणि ताप किती चढला की द्यायचा?" नवऱ्यानं विचारलं. वही उघडून बसला होता.

"आकडे को नहीं, बच्ची को देखना है। खेळत असेल, पाणी पीत असेल तर घाई नको. किरकिरत असेल, पाय दुखत असेल, तेव्हा द्या."

तेवढ्यात अक्कांनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेली वस्तू काढली. चांदीचं बोंडलं. लहान बाळाला दूध पाजायची चोचीची वाटी असते ना, तेच. आमच्या सासरची सगळी मुलं त्यातून प्यायलेली.

"हे घ्या. पोरीसाठीच आणलंय," अक्का म्हणाल्या. "औषध द्यायला ह्याच्यासारखं काय नाही. अर्धं बोंडलं दिलं की ताप पळतोय बघ. आणि ही पिचकारी कशाला गं? औषध द्यायचंय का होळी खेळायचीय?"

लेकीनं बोंडल्याला नमस्कार केला, अक्काआत्याला मिठी मारली, आणि मला स्वयंपाकघरात ओढून कुजबुजली, "आई, अर्धं बोंडलं म्हणजे किती, ते कोणालाच माहीत नाही. तू सांग तिला. प्लीज." मी माझ्या कामांच्या यादीत लिहिलं: अक्कांना बोंडल्याचं सांगणं.

ती गेल्यावर मी औषधांचं कपाट आवरायला काढलं. आत गेल्या हिवाळ्यातल्या दोन बाटल्या होत्या, एक थेंबांची आणि एक सिरपची. दोन्ही गुलाबी, दोन्हींवर हसरं बाळ. चष्मा लावून वाचलं तर थेंबांच्या बाटलीतलं औषध सिरपहून कितीतरी तीव्र. सिरपच्या हिशेबानं ते दिलं असतं तर? मी दोन्ही बाटल्या बाजूला काढल्या. एक सर्दीचं औषध निघालं, त्याच्या घटकांतही पॅरासिटामॉल. म्हणजे तापाचं आणि सर्दीचं दोन्ही दिलं की डोस दुप्पट. तेही बाहेर. कपाटात एकच बाटली ठेवली, वरच्या फळीवर, आणि किल्ली माझ्या पर्समध्ये टाकणार तोच नवरा म्हणाला, "नोकरी कोणाची आहे?" मी किल्ली त्याला दिली. लॉकरवाला माणूस, किल्ली कमरेला लावूनच फिरला.

जेवणापर्यंत सगळं छान. नात तिच्या नानाच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, पोटावर बसून मटार सोलत होती, म्हणजे शेंगा घरभर फेकत होती. जेवणानंतर तिनं पाय जवळ घेतला, रडायला लागली. कपाळ तापलेलं. वरण नको, पाणी नको, नाना हवा.

"आता द्यायला हवं," तो म्हणाला. बाटली हलवली, पिचकारी डोळ्यांच्या पातळीवर धरून रेषेपर्यंत भरली, मला दाखवली, अक्कांना दाखवली.

"सरबत आलं बघ, सरबत!" अक्का नातीला म्हणाल्या.

"अक्का, सरबत नको म्हणू," नवरा म्हणाला. "उद्या बाटली शोधून सगळी पिऊन टाकेल."

"बरं बाबा. औषध आलं बघ, कडू औषध. आता घेतीय का बघू."

तिनं घेतलं, गालाच्या आतल्या बाजूला, थोडं थोडं. पण मधेच तिची नजर हातातल्या वस्तूवर गेली. आठवड्यापूर्वी ती अंगणात हेच खेळली होती. "पिचकाली!" ती ओरडली, दोन्ही हातांनी नानाचा हात धरला आणि दाबला. उरलेलं औषध नानाच्या पांढऱ्या कुर्त्यावर. तोंडातलंही तिनं फुर्रकन उडवलं. आणि रडता रडता खदाखदा हसली.

आम्हीही हसलो. मग प्रश्न पडला, आत किती गेलं?

"दे की अजून एकदा," अक्का म्हणाल्या. "पोटात काय गेलंच नाही तिच्या. सगळं तुझ्याच पोटावर हाय."

"अर्धं गेलं असेल," मी म्हणाले. "अर्धा डोस पुन्हा दे."

"असेल म्हणजे?" नवऱ्यानं विचारलं. "असेल यावर मी कोणाला दहा रुपयेसुद्धा दिले नाहीत." त्यानं डॉक्टरांना फोन लावला. तिकडच्या बाईंनी सांगितलं, डॉक्टर साहेब पेशंट बघतायत, थोड्या वेळात फोन करतील.

थोडा वेळ मोठा असतो. अक्का बोंडलं पुसत होत्या, मी ओल्या फडक्यानं नातीचे हातपाय पुसत होते, तिचा स्वेटर काढून पातळ झबलं घातलं. आणि नवऱ्यानं काय करावं? कपाटातून जुनी चादर काढली, मी बाजूला काढलेल्या बाटलीबरोबरची पिचकारी धुतली, गुलाबाचं सरबत पाण्यात कालवलं, आणि चादरीवर माप घेऊन उडवू लागला. प्रत्येक डागाजवळ बॉलपेननं आकडा: १, २, ३. मग कुर्ता काढून शेजारी ठेवला आणि गंजिफ्रॉकवर ओणवा होऊन डाग जुळवू लागला.

"ह्याला बँकेनं सोडलं ते बरंच झालं," अक्का मला म्हणाल्या.

नात रांगत रांगत आली आणि आकडा तीनवर बसली. "नाना, औल!"

"और नहीं बेटा, हिसाब हो रहा है।"

हिशेब काही लागला नाही. दोनचा डाग तीनहून मोठा आला. शिवाय औषध हनुवटीवर होतं, फरशीवर होतं, माझ्या पदरावरही होतं. तो मांडी घालून बसला आणि म्हणाला, "मला माहीत नाही."

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. "अंदर कितना गया?" "पता नहीं, सर." "पक्का नहीं पता?" "नहीं।" "तो दोबारा मत दीजिए। अगली खुराक अपने समय पर।" पुढचं त्यांनी सावकाश सांगितलं: घोट घोट पाणी, हलके कपडे. मूल सुस्त पडलं, उठवूनही उठेना, पाणीच पिईना, झटका आला, किंवा ताप उतरायचं नावच घेईना तर लगेच घेऊन या. नवऱ्यानं सगळं लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. डॉक्टर हसले बहुतेक, कारण यानंही उगाच "जी, आदत है" म्हटलं.

नात अक्कांच्या मांडीवर बोंडल्यातून पाणी प्यायला लागली. मला एकदम हलकं वाटलं. आणि मग मला संध्याकाळ आठवली.

"तिला आत्ता सांगू नकोस," मी म्हणाले. "पोर बरी आहे. पाळणाघराला उत्तर देऊन झालं की निवांत सांगू."

"शहाणी हायस," अक्का म्हणाल्या. पहिल्यांदाच आमचं दोघींचं एकमत झालं होतं.

नवरा चादरीकडे बघत होता. नोकरी त्याला किती हवी होती ते मला माहीत होतं. त्यानं पुढच्या महिन्याचं वेळापत्रकसुद्धा करून ठेवलं होतं, कुठल्या बागेत कधी ऊन असतं त्यासकट.

त्यानं लेकीला फोन लावला. "डोस सांडला. किती आत गेला ते मला सांगता येत नाही. डॉक्टरांना विचारलं, परत दिलेला नाही. पुढच्या डोसची वेळ लिहिली आहे. ती पाणी पितेय." पलीकडून एवढंच, "मैं आ रही हूँ।" फोन बंद.

"गेली नोकरी," अक्का म्हणाल्या, आणि उठून त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

लेक आली तेव्हा नात चादरीवर झोपली होती आणि कपाळाला घाम सुटला होता. लेकीनं तिला चाचपून पाहिलं, गालाला गाल लावला. नंतर चादर दिसली. आकडे दिसले. शेजारी पसरलेला कुर्ता दिसला.

"ये क्या है?"

"प्रयोग," नवरा म्हणाला. "फसला."

"बाबा, सरबत? और कपड़ा भी अलग? हे कुठल्या प्रयोगशाळेत चालतं?" आणि ती मटकन खाली बसून इतकी हसली, की आवाज नको म्हणून ओढणी तोंडात कोंबावी लागली. चादरीचा फोटो काढला, जावयाला पाठवला. तिकडून लगेच आलं: 'पापाजी को पीएचडी दे दो।'

मग ती बाहेर गेली आणि पाळणाघराला फोन केला. ते नको म्हणून सांगितलं. नवरा दारातच उभा होता. त्याला वाटत होतं, ऐकण्यात चूक होतेय.

"मैंने उनसे पूछा था," ती आत येऊन म्हणाली. "औषध सांडलं तर काय करता? पाळणाघरवाल्या बाई म्हणाल्या, हमारे यहाँ कुछ गिरता ही नहीं।" तिनं कुर्ता उचलून त्याच्या खांद्यावर टाकला. "सोमवारी साडेआठला आणते. पंक्चुअल रहना।"

नवऱ्यानं मान हलवली. आत जाऊन कुर्ता तसाच डागासकट घातला आणि सगळ्यांसाठी चहा टाकला. साखर दोनदा पडली, पण कोणी परत करायला लावला नाही.

चहा पिताना मी यादी काढली. जुनी औषधं दुकानदाराला दाखवून विल्हेवाटीचं विचारणं, झालं. चादर भिजत घालणं, झालं. पुढच्या डोसची वेळ, नवऱ्यानं मोठ्या अक्षरात लिहून ठेवली होती, पण डोस द्यावा लागला नाही. उठल्यावर नात शेंगा फेकण्याच्या कामाला परत लागली. खाली एक ओळ उरली: अक्कांना बोंडल्याचं सांगणं.

अक्का कपाटासमोर उभ्या होत्या. बोंडलं त्यांनी इतकं घासलं होतं, की त्यात ट्यूबलाइट दिसत होती. नवऱ्याकडून किल्ली मागून त्यांनी ते वरच्या फळीवर ठेवलं, बरोबर औषधाच्या बाटलीच्या शेजारी.

"जवळच असू दे," त्या म्हणाल्या. "ऐनवेळी सापडतंय."

लेकीनं टेबलाखालून माझा पाय दाबला. मी म्हणाले, "अक्का, जरा बसा ना. एक बोलायचं होतं."

"बोल की," त्या म्हणाल्या आणि पदराला हात पुसत इतक्या खुशीत माझ्यासमोर येऊन बसल्या, की मी त्यांना आणखी एक खारी वाढली.

ती ओळ अजून यादीत आहे.