बॉल मागे यायला हवा

सुधाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी पूल खेळायच्या टेबलावर ब्रश मारत होतो. त्याची बायको रंजना एवढंच म्हणाली, "भाऊ, ते गेले." मी ब्रश हातात धरून तसाच उभा राहिलो... तो ब्रशही त्यानेच आणून दिलेला.

पांढरकवड्याला हायवेच्या कडेला माझं हे एकच टेबल. दिवसा ट्रकवाले यायचे, संध्याकाळी सुधाकर. शेजारच्या जिनमध्ये, कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, तो फिटर होता. समोरच्या बॉलला ठोकून पांढरा बॉल मागे ओढायचा, याचं त्याला भारी वेड. आम्ही त्याला 'बॅक' म्हणायचो. माझ्या टेबलावर बॅक येतच नसे, आणि मी त्याला 'नाचता येईना अंगण वाकडं' म्हणून छळायचो. तो चिडायचा नाही, एकेक दोष शोधत बसायचा. क्यूचं, म्हणजे खेळायच्या काठीचं, टोक प्लास्टिकचं होतं, त्यावर खडू टिकत नसे आणि ते बॉलवरून सटकायचं. त्याने जिनच्या झिजलेल्या रोलरचं चामडं गोल कापून तिथे चिकटवलं. हरवलेल्या पांढऱ्या बॉलऐवजी मी भलत्याच सेटमधला जड बॉल आणला होता. तो मागे येण्याऐवजी समोरच्याला ढकलत पुढेच जायचा. सुधाकरने तो बदलायला लावला. राहिलं कापड. सीझनमध्ये जिनची रुई, कापसाचे बारीक तंतू, उडून त्यावर बसायची आणि बॉलची उलटी फिरकी वाटेतच जिरायची. म्हणून ब्रश. पुढे त्याचा बॅक बघताना ट्रकवाल्यांचा चहा निवायचा.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. आवक घटली, मालकाने दोनपैकी एका फिटरला काढलं आणि दोन्ही पाळ्या सुधाकरच्या गळ्यात आल्या. पेपरवाले गाड्या घेऊन शेतापर्यंत पोचले, पण जिनच्या धुळीत कुणी पाय ठेवला नाही, याचा मला अजून राग आहे. सुधाकर क्यू घेऊन वाकला की खोकला उसळायचा. यवतमाळच्या डॉक्टरांनी जिन सोडायला सांगितली, निदान तोंड तरी झाकायला सांगितलं. एकदा मी भडकलोच.

"टेबलाची रुई झाडतं, अन् सोताच्या तोंडाले रुमाल काहून नाही बांधत बे?"

तो खडू घासत राहिला. मग म्हणाला, "रुमाल बांधला का वास येत नाही. रोलर तापला का पहिले चामडं जळल्याचा वास येते, मंग आग. बाया कापसातच बसल्या रायतेत न."

एका दुपारी त्या वासावरच त्याने मशीन बंद करून कापूस निवडणाऱ्या बायांना बाहेर काढलं होतं, कापूस आतून धुमसत होता, हे मला ठाऊक होतं. शेवटी शेवटी त्याला खेळवत नसे. बाकावर बसून तो नुसता बॉलकडे बघायचा. मला त्याची फार आठवण येते.

बौद्ध रीतीने सुधाकरचं पुण्यानुमोदन झालं, त्यानंतर काही दिवसांनी जिनमधला नवा फिटर खेळायला आला. त्याने नेमका सुधाकरचा क्यू उचलला, वाकून फटका मारला. पांढरा बॉल सरळ मागे, त्याच्या हातापाशी आला. "मस्त येते मांगं," तो म्हणाला आणि खोकला. त्याच्या केसांत, मिशीत रुई होती. मी विचारलं, रुमाल का नाही बांधत.

"वास येत नाही न, भाऊ," तो म्हणाला.

मी ब्रश घेतला आणि टेबल झाडू लागलो.