मिरची की कोकम

दुपारी जेवून सुनेत्रा आठल्ये माजघरात सतरंजीवर आडवी होते. पापण्या जडावतात, पंख्याची पाती एकमेकांत मिसळतात, आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून नलूवन्सं विचारतात, "साय कोणी खाल्ली?"

नलूवन्सं म्हणजे तिच्या थोरल्या नणंद. त्यांना जाऊन वर्ष होत आलंय, हे सुनेत्राला चांगलं ठाऊक आहे. पण आधी सायीचं उत्तर द्यायला हवं, असंही तिला वाटतं.

"मांजरानं," ती म्हणते.

"मग तुझ्या मिशा का पांढऱ्या?"

सुनेत्रा ओठ पुसत उठते. वन्संच्या डोक्यावर उन्हाची टोपी, गळ्यात दुर्बीण. त्या दुधाचं पातेलं गॅसवर ठेवतात. गॅसच्या पलीकडे चिऱ्याची जुनी खाण आहे, हिरव्या पाण्यानं भरलेली, आणि घरच्या कपबशा काठावरच्या गवतात मांडलेल्या आहेत.

दोघी वर्षानुवर्षं इथंच पाण्यावर भिरभिरणारे चतुर बघायला यायच्या. शेवटचं भांडणही इथलंच. काडीवर एक लाल चतुर बसला होता. खाणीवर लालांच्या दोन जाती, आणि दोघींनी त्यांना ठेवलेली घरगुती नावं: रक्तासारखा भडक तो मिरची, जांभळट झाक मारणारा तो कोकम. सुनेत्रा म्हणाली मिरची, वन्सं म्हणाल्या कोकम. अबोला धरून घरी आल्या, आणि अबोला सुटायच्या आत वन्सं गेल्या. तेव्हापासून सुनेत्रा खाणीकडे फिरकलेली नाही.

"वन्सं, आता तरी खरं सांगा. तिकडे सगळं कळत असेल ना?"

"तिकडे डास नाहीत," वन्सं वैतागून म्हणतात. "चतुर येतील कशाला? नुसता कंटाळा."

"पुढं सरका!" कंडक्टर ओरडतो. दोघी एसटीत शेजारी बसल्यात, गाडी खाणीच्या पाण्यातून चाललीय, पाणी घोट्यापर्यंत आलंय. समोरच्या दांडीवर एक लाल चतुर पंख पसरून बसतो.

"मिरची!" सुनेत्रा कुजबुजते.

"रंगावर जाऊ नकोस, किती वेळा सांगायचं? उन्हात सगळेच भडक दिसतात. वरून बघ. पोटावर मधोमध काळी रेघ आहे?"

"आहे. बारीक."

"पंखांच्या शिरा सगळ्या लाल?"

"छे. कडेच्या तेवढ्या."

वन्सं टोपी मागे सारून वाकतात. बराच वेळ बघतात.

"मिरची," त्या म्हणतात.

"म्हणजे तेव्हाही..."

"हा मिरची. तेव्हाचा कोकमच."

"तेव्हा तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता!"

"आणि तुझ्या डोक्यात!"

"आजी, भांडायचं तर खाली उतरा," कंडक्टर घंटी मारतो. दोघी पाण्यात उतरतात आणि एकमेकींना धरून पोट दुखेस्तोवर हसतात.

"खाणीवर का जात नाहीस गं?" वन्सं विचारतात.

"कोणाबरोबर जाऊ? जाऊबाई चतुराला हेलिकॉप्टर म्हणतात. मी मिरची म्हटलं की मिरचीच म्हणतात. त्यात काय मजा?"

वन्सं पदरानं तिचं तोंड पुसतात, जरा जोरातच. मग एकदम ओरडतात, "अगं, दूध उतू गेलं!"

सुनेत्रा दचकून उठते. गॅस बंद आहे. दारात तिचे यजमान, भालचंद्रराव, खाली बघत उभे आहेत. स्वयंपाकघरापासून सतरंजीपर्यंत फरशीवर तांबड्या चिखलाची ओली पावलं उमटलीत.

"माझी नाहीत हो," ती घाईनं म्हणते. "हे बघा, माझे पाय कोरडे."

भालचंद्रराव गुडघ्यांवर हात टेकून वाकतात.

"तुझी कशी असतील? करंगळी कुठंच टेकलेली नाही. ही नलूताई."



"ऊन आहे तोवर खाणीवर जाऊन येऊ," सुनेत्रा म्हणते.

भालचंद्रराव मान हलवतात, आणि एकाही पावलावर पाय पडणार नाही अशा बेतानं, भिंतीला धरून, चपला शोधायला जातात.