विहीणबाईंच्या एक पाऊल मागे

जावयाला पळण्याचं वेड लागलं ते लग्नाला दोन वर्षं झाल्यावर. तोवर तो अगदी सरळ मुलगा होता. मलकपेठेत वडलांचं कापडाचं दुकान, हा मात्र सॉफ्टवेअर कंपनीत. दिवसभर बसून पोट सुटलं, कुणा मित्राने एका रविवारी पहाटे तलावाकाठी पळायला नेलं, आणि मग त्या घरात बूट, घड्याळं आणि केळी यांशिवाय बोलणंच उरलं नाही. माझी मुलगी फोनवर म्हणायची, "आई, हा झोपेतसुद्धा पाय हलवतो."

त्याच सुमारास माझ्या विहीणबाईंना, म्हणजे जावयाच्या आईंना, साखर निघाली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. जावई म्हणाला, चालायचं कशाला, पळायचंच. चार महिन्यांनी दहा किलोमीटरची शर्यत होती, तिच्यात त्याने आईचं नाव घालून टाकलं. त्या एकट्या बिचकतील म्हणून माझंही घातलं. एका सणाच्या जेवणाला आम्ही मलकपेठेला गेलो होतो, तेव्हा पानावर पुरणपोळी वाढता वाढता त्याने हे सांगितलं. मी मुलीकडची. विहीणबाई समोर बसलेल्या. नाही कसं म्हणणार?

मुलगी पटकन म्हणाली, "अरे, पण आई तर रेल्वेच्या स्पर्धांत..." मी टेबलाखालून तिचा पाय दाबला.

खरी गोष्ट अशी की मी तारनाक्याला रेल्वेच्या ऑफिसात लागले ती खेळाडू म्हणून. आठशे मीटर, पंधराशे मीटर. विशीत माझे दोन कप होते. पुढे संसार, बदल्या, गुडघे. पण बावन्नाव्या वर्षीही बस चुकली तर पुढच्या स्टॉपवर तिला गाठायची माझी तयारी असे. हे विहीणबाईंना ठाऊक नव्हतं. लग्नात त्यांच्या मावशींना मानाचं पान द्यायचं राहिलं होतं, त्याचं अजून मिटलं नव्हतं. त्यात मी पळण्यात पुढे जाऊन आणखी भर कशाला घालू?

बुधवार आणि रविवार ठरले. जावई पहाटे साडेपाचला त्यांना गाडीने आमच्या घरी, तारनाक्याला सोडायचा आणि स्वतः वीस किलोमीटर पळायला गायब व्हायचा. आम्ही दोघी विद्यापीठाच्या आवारात शिरायचो. मोठमोठी झाडं, रुंद रस्ते, गाड्या कमी. पहिल्या दिवशी विहीणबाई इरकली साडी आणि पायात मुलाने आणलेले पोपटी बूट अशा आल्या. फाटकाशी आल्यावर थांबल्या.

"चला," मी म्हटलं.

"नाही, तुम्ही व्हा पुढे."

"छे, तुम्ही आधी."

"तुम्ही वयानं मोठ्या."

"चार महिन्यांनीच. आणि तुम्ही मुलाच्या आई."

त्यांनी पदर खोचला. त्या पुढे झाल्या आणि मी एक पाऊल मागे. पुढचे तीन महिने मी तिथेच होते. हळू पळणं किती अवघड असतं ते तेव्हा कळलं. पाय पुढे जायला बघायचे आणि मी त्यांना आवरत राहायची. घरी येऊन गुडघ्यांना तेल चोळायची. आमचे हे म्हणायचे, "अगं, पळून दुखतायत का?" मी म्हणायची, "न पळून."

जावयाने आम्हाला एकच नियम सांगितला होता : पळताना बोलता आलं पाहिजे, बोलता येईनासं झालं तर वेग जास्त आहे असं समजायचं. विहीणबाईंनी हा नियम मनावर घेतला. त्या बोलत पळायच्या, आणि त्यांच्याजवळ बोलायला विषय एकच, आमच्या मुलीचं लग्न. पहिल्या आठवड्यात दम साखरपुड्यापर्यंतच पुरला. "तुमच्याकडचे... फोटोवाले... उशिरा आले," एवढं झालं की थांबून कमरेवर हात. महिन्याभरात आम्ही हळदीपर्यंत आलो. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी एका दमात वरमाला, अक्षता आणि पंगतीतला खारट मठ्ठा होऊ लागला. ज्या दिवशी त्या न थांबता मावशींच्या पानापर्यंत पोचल्या त्या दिवशी आमचे पाच किलोमीटर झाले होते. मला अपराधी वाटावं की टाळ्या वाजवाव्यात, कळेना.

वेगळ्या तेलंगणा राज्याचं आंदोलन तेव्हा ऐन भरात होतं आणि त्याचं घर म्हणजे विद्यापीठच. बंद, रास्ता रोको, मोर्चे. ऑफिसात जायचे वांधे व्हायचे. पण पळणाऱ्यांची चैन होती, कारण रस्ते रिकामे. जावयाच्या ग्रुपात तर बंद जाहीर झाला की सगळे खूश. एरवी ज्या चौकात जीव मुठीत धरून रस्ता ओलांडायचा, तिथे आम्ही मधोमध पळत होतो. एकदा तारनाक्याच्या चौकात खुर्ची टाकून बसलेल्या पोलिसाने आम्हाला अडवलं.

"कां जा रईं अम्मा?"

"कहीं नई," मी म्हटलं. "दौड रे."

"पीछे कौन है?"

"कोई नई."

तो जरा वेळ आमच्या मागच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिला. "फिर कायकू दौड रईं?"

विहीणबाई म्हणाल्या, "शुगर है बाबा." हे मात्र त्याला पटलं. त्याने खिशातून आपल्या गोळ्यांची पट्टी काढून दाखवली आणि आम्हाला सोडलं.

पण असाच एक बंद अंगाशी आला. त्या दिवशी आवारात शिरलो तेव्हा सगळं शांत होतं. विहीणबाई मठ्ठ्यावर होत्या. एवढ्यात वळणावरून पन्नास-साठ पोरं "जय तेलंगणा" ओरडत धावत आली, आणि त्यांच्या मागे काठ्या घेतलेले पोलीस. आम्ही बरोबर मधे. पोरं आमच्या दोन्ही बाजूंनी निघून गेली. विहीणबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आता हो?"

मी त्यांचा हात धरला आणि पळाले. मान, पान, मुलाची आई, कशाचीही आठवण राहिली नाही. कितीतरी वर्षांनी माझे पाय माझ्या वेगाने पडत होते, आणि खरं सांगते, त्या भीतीतही मजा आली. एका पोराने मागे वळून पाहिलं, "अम्मा, इटु! इटु!" म्हणजे इकडे या, असं ओरडून आम्हाला एका दारातून आत घेतलं, आणि दार लावलं. ती मुलांच्या वसतिगृहाची मेस होती. बनियनवर बसलेली पोरं आम्हाला बघून ताडकन उठली आणि शर्ट शोधू लागली.

आम्हाला चहा मिळाला, वर उपमा. एका चष्मेवाल्याने अदबीने विचारलं, "अम्मा, आप लोगां तेलंगाना को सपोर्ट करते ना?"

विहीणबाईंनी बशीत चहा ओतला. "बेटा, मेरे मायके का एक बार हो गया बटवारा. पुरानी स्टेट टूटी तो आधे भायां उदर नांदेड में रह गए, आधे इदर. शादी-ब्याह में सब आतेच हैं. तुम जो करना सो करो, पन बसां चालू रखो."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. तासाभराने सगळं निवल्यावर दोघं जण आम्हाला घरापर्यंत पोचवायला आले.

ती मुलं वळली तशा विहीणबाई माझ्या दारात थांबल्या. आत येईनात.

"तुम्ही मला ओढत होतात," त्या म्हणाल्या. "मी जीव खाऊन पळत होते, तरी ओढत होतात. आणि तुम्हाला दम लागला नाही."

"थोडा लागला की."

"खोटं बोलू नका."

मग मी सगळं सांगितलं. आठशे मीटर, पंधराशे मीटर, कप. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. "म्हणजे तीन महिने तुम्ही मला खेळवलंत," एवढंच म्हणाल्या, आणि बंद संपेपर्यंत आमच्या व्हरांड्यात पाठ करून बसल्या. पाणी दिलं, प्याल्या नाहीत.

दोन आठवडे रुसवा चालला. मुलीच्या फोनवरून निरोप यायचे. "त्या म्हणतात, तुझ्या आईला म्हणावं, त्यांनी त्यांचं पळावं." शेवटी मीच मलकपेठेला गेले. बरोबर साडी नेली होती. मानपानातला रुसवा मानपानानेच जाईल असा हिशेब. त्यांनी पिशवीकडे बघितलंही नाही. मला आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं.

"मला वाटायचं मी बरी पळते," त्या खाली बघत म्हणाल्या. "आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी जमतंय. गल्लीत सांगितलंय मी सगळ्यांना. माझी विहीण रेल्वेत आहे, सडपातळ आहे, तरी तिला माझ्या पुढे जाता येत नाही, म्हणून. लेकालासुद्धा म्हटलं, सासूबाईंना जड जातंय रे, त्यांना जरा सांभाळून घे."

मला ओशाळल्यासारखं झालं. मी समजत होते मी त्यांचा मान ठेवतेय. पण मनातल्या मनात, प्रत्येक पावलाला, मी मोजत होते की मी मनात आणलं तर केव्हाच पुढे जाईन. तो मान नव्हता. त्यात माझाच तोरा होता.

"तुम्ही पाच किलोमीटर खरंच पळालात," मी म्हटलं. "ते काही मी पळाले नाही तुमच्यासाठी."

त्यांनी पिशवी पुढ्यात ओढली. मग त्या म्हणाल्या, "शर्यतीत तुम्ही तुमचं पळायचं. मागे वळून बघितलंत तर याद राखा." आणि पिशवी उघडून साडीचा काठ बघू लागल्या. काठ बरा आहे म्हणाल्या. रंग नाही आवडला.

शर्यतीच्या दिवशी तलावाकाठी ही गर्दी. स्पीकर ठणाणा वाजतोय, कुणी वाकतंय, कुणी उड्या मारतंय. जावई एकवीस किलोमीटरला. त्याने आमच्या छातीवर नंबर लावले, केळी खाऊ घातली, शेवटच्या सूचना दिल्या आणि अंगाला कसलंसं मलम चोळत निघून गेला. विहीणबाई पंजाबी ड्रेसमध्ये, ओढणी कमरेला गच्च बांधलेली. भोंगा झाला. त्यांनी मला पाठीत हात लावून पुढे ढकललं.

मी पळाले. वळून बघितलं नाही. सकाळचा गार वारा तलावावरून येत होता, पाणी जरा वास मारत होतं, आणि मी एकामागून एक तरुण पोरींना मागे टाकत होते. एकीने "सूपर आंटी!" म्हटलं तेव्हा मी आणखी जोर केला. एक तास आणि थोडी मिनिटं. कमानीखालून गेले, गळ्यात पदक पडलं, आणि त्याच क्षणी विहीणबाई आठवल्या.

अर्धा तास वाट बघितली. पाऊण तास. माणसं येत होती, पोपटी बूट येत नव्हते. मनात नको नको ते यायला लागलं. साखर, ऊन, चक्कर. शेवटी मी उलट्या दिशेने चालायला लागले. येणारे लोक मला हातवारे करून सांगत होते की फिनिश तिकडे आहे.

सातव्या किलोमीटरच्या पाण्याच्या टेबलापाशी त्या सापडल्या. टेबलापुढे नाही, मागे. पोटरीत गोळा आला म्हणून तिथल्या कॉलेजच्या मुलींनी त्यांना खुर्ची दिली होती. खुर्चीवरून त्यांनी पाणी कसं वाटतात ते पाहिलं आणि त्यांना राहवलं नाही.

"काठोकाठ नक्को भरू गं, पळता पळता सांडतं," त्या एकीला सांगत होत्या. "आधा भर. ते संत्र्याचे तुकडे इकडे आण. हाँ भैया, लेओ, ग्लास रस्त्यात नक्को फेको!"

"विहीणबाई, पळायचं राहिलंय," मी म्हटलं.

"हौ की," त्या म्हणाल्या. "पण हे बघा ना, यांना काही समजतच नव्हतं." मग माझ्या गळ्यातल्या पदकाकडे नजर गेली. "झालं तुमचं? मग परत कशाला आलात?"

"तुम्हाला न्यायला."

"मी हरवले होते का?" असं म्हणत त्या उठल्या, लंगडत दोन पावलं टाकली आणि पळायला लागल्या.

शेवटचे तीन किलोमीटर मी दुसऱ्यांदा पळाले. या वेळी बरोबरीने. लग्नाचा विषय निघाला नाही. त्या सबंध रस्ता पाणी कसं वाटायला हवं ते सांगत होत्या. मागून झाडूवाल्यांची गाडी हळूहळू येत होती आणि तिच्या ड्रायव्हरला त्यांनी दोनदा दटावलं, "अरे, जरा सबर कर!"

मैदानात पोचलो तेव्हा सामान आवरणं चाललं होतं. फिनिशच्या फुगवलेल्या कमानीची हवा सोडली होती आणि ती मधोमध वाकायला लागली होती. घोषणा करणारा मुलगा वायर गुंडाळत होता. त्याने आम्हाला पाहिलं, हातातली वायर टाकली आणि ओरडला, "रुको! दो अम्मा आ रईं!" चार कामगार धावले आणि त्यांनी ती कमान हातांनी वर धरली. तरी ती लोंबतच होती. आम्ही दोघी वाकून, डोक्यावर हात धरून तिच्याखालून गेलो. विहीणबाईंच्या केसांत ती अडकली, मी सोडवली. पदकांची पेटी गाडीत गेली होती, ती परत उतरवली. त्यांनी पदक गळ्यात घालून घेतलं आणि माझ्याकडे बघून एकदम रडायलाच लागल्या. मीही.

जावई वैद्यकीय तंबूत सापडला. सोळाव्या किलोमीटरला त्याची मांडी धरली होती आणि त्याला गाडीत घालून आणलं होतं. आम्हाला पदकांसकट बघून त्याने बर्फाची पिशवी डोळ्यांवर ठेवली.

त्याला गाडी चालवता येईना, आम्हाला दोघींना येत नव्हती. मग ऑटो केला. तो कडेला, पाय लांब करून आमच्या दोघींच्या मांडीवर. मलकपेठेपर्यंत त्याने ती बर्फाची पिशवी डोळ्यांवरून काढली नाही. विहीणबाई मात्र फोनवर नांदेडच्या भावाला सांगत होत्या की कमान खास त्यांच्यासाठी धरून ठेवली होती, चार माणसं लागली.