पुढच्या खोलीतला म्हातारा कॉम्प्युटर

किस्से काही मुद्दाम जमवावे लागत नाहीत. एका खोलीत तीन तरुण पोरं, एक जुना कॉम्प्युटर आणि एक म्हातारी ठेवा, बसल्या जागी ढीग लागतो!

परतूरला आमच्या पुढच्या खोलीत तसंच झालं. माझा नातू संतोष, त्याचा शाळेपासूनचा दोस्त मंठ्याचा रफीक, आणि टेंभुर्णीच्या कांबळे गुरुजींची सुजाता. तिघं मिळून मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, आडत दुकानांसाठी प्रोग्राम लिहायचे. तिघं तीन गावांत, इथं अधूनमधून जमायची, पण लिहिलेलं सगळं आमच्या कॉम्प्युटरमध्ये एका जागी. त्याला ती पोरं रिपॉझिटरी म्हणायची. ज्यानं जे बदललं ते त्याच्या नावासकट त्यात राहायचं, जुनंही फेकायचं नाही. आणि गावाकडून फोनच्या तारेनं ते उघडता यावं म्हणून वर एक वेब सर्व्हर नावाचा प्रोग्राम.

*

पहिल्यांदा पोरांनी भलामोठा सर्व्हर टाकला. कॉम्प्युटर आधीच कुणीतरी टाकून दिलेला. पंखा असा घोंगावला की मला वाटलं अंगणात मळणी चालू झाली! मग एकदम गप्प.

रफीक म्हणाला, “आजी, ह्याला झेपून न्हाई राह्यलं.”

“अरे, म्हाताऱ्याच्या डोक्यावर पोतं कशाला देता? पिशवी द्या!”

दुसऱ्या दिवशी त्यांनी छोटासा, हलका सर्व्हर टाकला. म्हातारा आजतागायत बिनतक्रार चालतो.

*

शेजारची काशीबाई विचारायला लागली, “हे सर्व्हर म्हंजे करतं तरी काय गं?”

मी सांगितलं, “दारात बसतं. कुणी मागितलं की आतून आणून देतं. बस्स.”

“म्हंजे तुझ्यावानीच की!”

आतून सुजाता ओरडली, “न्हाई मावशी! ते मागितल्याबिगर काहीच देत न्हाई!”

*

त्यांचा एक नियम मला फार आवडला. काही बदललं, की का बदललं ते दोन शब्दांत लिहून नोंदवायचं; त्याला ती पोरं ‘कमिट’ म्हणायची. संतोष आळशी. दर वेळी लिहायचा, ‘बदल केला.’

सुजाता चिडली. “ते दिसूनच राह्यलंय! कशापायी केला?”

मी सुनेला म्हटलं, बघ, आपल्या घरात डबे रोज जागा बदलतात आणि कारण कुणी सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून सुनेची हाळी आली, “मीठ वरच्या फळीवर ठेवलंय! खाली ओल येती म्हणून!”

संतोष म्हणाला, “आईनं कमिट केलं!”

*

एकदा संतोषनं चुकून दोन दिवसांचं काम पुसलं. डोकं धरून बसला. सुजातानं मागचं पान काढलं आणि गेलेलं सगळं जसंच्या तसं आणून ठेवलं.

मी विचारलं, “आणि नको असलेलं एखादं कायमचं काढायचं असलं तर?”

“समोरून जातं आजी. पण मागं राहतंच.”

मला माझ्या नणंदेला एका लग्नात बोललेला एक शब्द आठवला. नणंद जाऊन किती वर्षं झाली.

म्हटलं, “मंग माणसावानीच हाय.”

*

एक दिवस रफीक स्वतःचा कॉम्प्युटर घेऊन इथंच बसून काम करत होता. पावतीत रिकाम्या पोत्याचं वजन आधी वजा करायचं की शेवटी, यावर त्याचं आणि संतोषचं जुंपलं. दोघांनी आपापल्या कॉम्प्युटरवर एकच ओळ दोन तऱ्हांनी बदलली. एकाची ओळ आत गेली, दुसऱ्याची टाकताना मशीन अडलं.

सुजाता म्हणाली, “ते दोन्ही ओळी समोर ठेवतं आणि म्हणतं, तुम्हीच बसून ठरवा.”

“हुशार हाय. दुसऱ्याच्या भांडणात पडत न्हाई!”

पण पोरं बसलीच नाहीत.

“न विचारता माझ्या ओळीला हात का लावलास?” रफीक म्हणाला.

“तुझी ओळ? तुझ्या बापाची हाय का?”

रफीकनं चपला घातल्या. “मंग तूच लिही सगळं.” आणि मंठ्याची बस धरली.

*

मग खोली सुनीसुनी झाली. हंगाम तोंडावर, पावतीचं काम रफीकचं, ते तसंच पडून. संतोष पुण्याला नोकरी बघतो म्हणायला लागला. तो गेला असता तर सुजाताचं कामही तिथंच संपलं असतं.

एक दिवस तिनं सर्व्हरमध्ये कोण कधी आलं त्याची नोंद पाहिली. “आजी, रफीक रोज दुपारी आपलं पान उघडतो. वाचतो. टाकत काहीच न्हाई.”

“म्हंजे दारापस्तोर येतो.”

संतोषनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. घटकाभरानं हळूच म्हणाला, “आज आल्ता का?”

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी हुलग्याचं पीठ मळायला घेतलं. सुजाताला म्हटलं, “त्या पानावर सगळ्यात वर लिही, आज शेंगुळे केलेत.”

“आजी, ते कामाचं पान हाय!”

“मंग कामाचंच सांगून राह्यले.”

दिवस कलताना रफीक दारात उभा. मी ताट वाढलं. तेवढ्यात संतोष मोंढ्यातून आला आणि उंबऱ्यातच थबकला. मग त्यानं स्वतःच ताट घेतलं आणि रफीकशेजारी मांडी घातली.

पहिला घास घेऊन म्हणाला, “मीठ कमी हाय.”

“बिलकुल न्हाई,” रफीक म्हणाला. “बराबर हाय.”

“कमी हाय.”

“तुझ्या जिभेला काय कळतं?”

दोघांनी भांडत भांडत पातेलं पुसून घेतलं. मग बोटं चाटत रफीक सुजाताकडं वळला.

“पान अपडेट कर. शेंगुळे संपले!”