दार आतून उघडलं

गडाचा दरवाजा पडला तेव्हा मी आदिलाबादला मावशीकडे होते. बी.एड.चे तास संध्याकाळपर्यंत चालले की मी तिथंच मुक्काम करायची. गड खेळातला होता, मोबाइलवर खेळायचा. त्यातली माणसं मात्र खरी होती, आणि त्या गडाचा किल्लेदार होता माझा चुलत भाऊ, दादा. गावात आमचं आणि त्याचं घर एका भिंतीनं जोडलेलं.

या खेळात मला दादानंच आणलं होतं. जादू, राक्षस, तलवारी सगळं होतं, पण आमच्या सर्व्हरवर लोक नुसते लढत नसत. प्रत्येकानं एक पात्र धरलेलं असायचं आणि तो त्या पात्रासारखाच बोलायचा. मोठे गट दोन. आमचा गडकऱ्यांचा, त्यात बहुतेक मराठी. समोरचा नदीकरांचा, त्यात बहुतेक तेलुगू. असं कोणी ठरवलं नव्हतं, ओळखीतून ओळख निघत तसं झालं. एकमेकांशी बोलायचं ते हिंदीत.

लढाई संपली की दोन्ही गटांच्या कथाकारांनी आपापली हकीकत लिहायची. लहान गट मतं द्यायचे, आणि जी हकीकत जिंकेल ती त्या जगाचा इतिहास व्हायची. मग ती खोटी आहे असं म्हणायची सोय नसे. आमच्या गटाची कथाकार मी होते. माझं पात्र वैद्यीण. जखमींना बरं करायचं आणि नंतर त्यांच्याबद्दल लिहायचं.

नदीकरांचा कथाकार माझ्याहून चांगला लिहायचा. त्यानं कधी माइक लावला नाही, त्यामुळे आवाज कोणी ऐकला नव्हता. आमच्यात सगळे धरून चालले होते की कोणीतरी वयस्कर मास्तर असणार. एकदा त्यानं मला खासगी निरोप पाठवला, की तुमच्या हकीकतीत मेलेल्या माणसाच्या घरी काय झालं तेही असतं, ते मला आवडतं. मी उत्तर दिलं. मग आम्ही बोलत गेलो, म्हणजे लिहीत गेलो. कोणतं वाक्य कुठं तोडावं, मरण दाखवावं की नुसतं सांगावं, असलं बोलणं. बऱ्याच दिवसांनी कळलं की ती मुलगी आहे, माझ्याच वयाची, निर्मल गावची. घरी लाकडी खेळणी रंगवायचं काम. नदीकरांत तिच्या गल्लीतलीच दोन-तीन पोरं होती. "घरी कळलं तर भाऊ फोन काढून घेईल," तिनं लिहिलं. "कोणाला सांगू नकोस." मी सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी नदीकर चालून आले. दरवाज्यावर दादा होता. ऐन लढाईत गावातली लाइट गेली, त्याच्या घरचं वायफाय गेलं, मोबाइलला रेंज नाही; हे मला नंतर आईकडून कळलं. माझ्या स्क्रीनवर किल्लेदार नुसता उभा राहिला आणि मग नाहीसा झाला. नदीकर आत शिरले. मी शेवटपर्यंत होते, पण वैद्यीण काय करणार?

थोड्या वेळानं तिचा निरोप आला. "तुमचा किल्लेदार मध्येच गेला. मी काय लिहू? तो पळाला असं, की दार आतून कोणी उघडलं असं?"

मला दादाचा चेहरा दिसला. त्याला तो गड फार प्रिय होता. शेतात पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळीत उभा राहून तो पहाऱ्याच्या पाळ्या लावायचा. मी लिहिलं, "दार आतून उघडलं असं लिही. माझ्या वैद्यिणीनं उघडलं म्हण. किल्लेदाराला पळपुटा करू नको."

तिनं ते असं लिहिलं की मी दोनदा वाचलं. वैद्यीण जखमी शत्रूची दया येऊन कडी काढते. तिची हकीकत मोठ्या फरकानं जिंकली. मला वाटलं, झालं, आता पुढची लढाई.

पण आमच्या लोकांनी ती कथा कथा म्हणून घेतली नाही. आधी चेष्टा झाली, मग कोणीतरी विचारलं, तू त्या वेळी नक्की कुठं होतीस? त्यातच नदीकरांतल्या एका पोरानं सगळ्यांसमोर फुशारकी मारली, की तुमची वैद्यीण आमच्या कथाकाराशी रोज बोलते. त्यानंतर मी गटात काही लिहिलं की पुढं कोणी लिहायचं नाही. माझ्या लिहिण्याखाली तसंच रिकामं राहायचं.

शनिवारी मी गावी आले. दादा अंगणात आला. आई कापूस निवडत बसली होती, म्हणून तो हळू बोलला.

"ते पोट्टं म्हनते ते खरं हाय काय?"

"बोलतो आमी. लिहिण्याबद्दल."

"मंग निरोप दाखव."

"नाही दाखवू शकत."

"काऊन?"

"त्यात दुसऱ्याचं घरचं हाय."

त्यानं आवाज आणखी खाली आणला. "लोकं मले विचारून राह्यले. तुही बहीण हाय म्हनून झाकतो काय, म्हनते. मी काय सांगू त्यायले?"

"लाइट गेली होती ते सांग."

त्याचा चेहरा बदलला. तो वळला आणि गेला. तेव्हा मला कळलं की लाइट गेल्याचं त्यानं गटात कोणाला सांगितलंच नव्हतं. फितुरीची कथा त्याला सोयीची होती. ती मीच त्याला दिली होती आणि ते त्याला ठाऊक नव्हतं.

रविवारी दुपारी गडाचा दरबार भरला. सगळे आवाजी कॉलवर, आणि दरबार उघडा, म्हणजे दुसऱ्या गटांनीही ऐकायचा, म्हणून सगळं हिंदीत. मी रेंजसाठी गच्चीवर गेले. दादा त्याच्या गच्चीवर. मध्ये कमरेएवढी भिंत आणि तिच्यावर वाळत घातलेल्या गोधड्या. त्याचा आवाज आधी भिंतीवरून यायचा आणि मग, क्षणभरानं, माझ्या कानातल्या इअरफोनमधून. प्रत्येक प्रश्न मला दोनदा ऐकावा लागत होता.

"वैद्यीणबाई, तुम्ही शत्रूशी बोलत होता का?"

"होते."

"निरोप दरबारापुढं ठेवाल का?"

"नाही."

कोणीतरी हसलं. चंद्रपूरकडचा एक जण, ज्याच्या पात्राला मी कितीदा मरणातून उठवलं होतं, म्हणाला की मग हिला काढून टाका आणि हिनं लिहिलेलं सगळं पुसा. तीन वर्षांचं लिहिलेलं होतं ते. मी फोनवर तिचे निरोप उघडले. सगळे समोरच होते. एक बोट लावायची खोटी, सगळ्यांना दिसलं असतं की मी कोणाला वाचवलं. पण त्याच निरोपांत, वर-खाली, ती होती. तिची गल्ली, तिचा भाऊ, तिची भीती. मी फोन मांडीवर पालथा ठेवला.

दादानं मतं मागितली. हात वर केल्याची खूण एकेकाच्या नावापुढं उमटू लागली.

तेवढ्यात कॉलमध्ये कोणीतरी माइक उघडला. मागून रस्त्यावरच्या ऑटोचा आवाज आला, मग एका मुलीचा. तेलुगू वळणाची हिंदी, घाईघाईची.

"मी नदीकरांची कथाकार. निरोप मी पाठवलेत, म्हणून मी सांगते."

नदीकरांतलं एक पोरगं तेलुगूत काहीतरी पुटपुटलं आणि गप्प झालं.

"मी हिला विचारलं होतं, किल्लेदार पळाला असं लिहू का. हिनं नको म्हटलं. हिनं स्वतःवर घ्यायला सांगितलं. आता पुसायचं असेल तर माझं पुसा."

माइक बंद झाला. ती कॉलमधून गेली.

मी भिंतीकडं बघितलं. गोधड्यांच्या फटीतून दादा दिसत होता. त्याचा फोन हातात होता, पण तो त्याच्याकडं बघत नव्हता. इअरफोनमध्ये सगळे एकदम बोलायला लागले, किल्लेदार कुठंय, बोला ना. त्यानं कॉल कापला आणि खाली उतरला. त्याच्या जिन्यावरची पावलं मला ऐकू आली.

त्या दिवसानंतर खेळात तिचं नाव कधी हिरवं, म्हणजे ऑनलाइन, दिसलं नाही. मी लिहिलेले निरोप पोचत नव्हते. मला आदिलाबादच्या वर्गात बसवेना. निर्मलला जाऊन शोधावं असं वाटे, पण कोणाच्या दारात जाऊन काय विचारणार? मी गेले असते तर तिची अडचण आणखीच वाढली असती. दादा माझ्याशी बोलत नव्हता. वहिनी आईकडं विरजण मागायला यायची, तो अंगणापर्यंतही यायचा नाही.

मग एक दिवस सर्व्हरवर नवी हकीकत आली. खाली किल्लेदाराचं नाव. दादानं शाळा सुटल्यापासून अर्जापलीकडं काही लिहिलेलं मला माहीत नाही. सात-आठ ओळीच होत्या, शुद्धलेखन वाऱ्यावर. किल्लेदार दरवाज्यावर होता. अंधार झाला आणि तो तिथून गेला. त्याला परत येता आलं नाही. त्यानं लोकांना वैद्यिणीचं नाव घेऊ दिलं, कारण त्याला लाज वाटत होती. शेवटी त्यानं गडाच्या किल्ल्या खाली ठेवल्या होत्या. लहान गटांनी मतं दिली आणि ती हकीकत इतिहास झाली. आमच्यातले काही जण त्याच दिवशी गट सोडून गेले. चंद्रपूरकडचाही गेला.

संध्याकाळी दादा आमच्या ओसरीवर येऊन बसला. आईनं चहा दिला. तो बशीत ओतून फुंकत राहिला.

"तिचा काही पत्ता?" त्यानं विचारलं.

"नाही."

"माह्यामुळं झालं ना."

मी त्याच्या बशीत आणखी थोडा चहा ओतला. तो चहा पिऊन गेला.

उन्हाळा लागल्यावर एका अनोळखी नंबरवरून फोन आला. तीच होती. भावानं फोन काढून घेतला होता, घरात बरंच झालं होतं. शेवटी तिच्या आईनं स्वतःचा जुना फोन तिला दिला, पण खेळायचं नाही या अटीवर. आईला दिलेला शब्द ती मोडणार नव्हती.

"तुला राग नाही आला माझा?" मी विचारलं.

"आला होता," ती म्हणाली. "तू निरोप दाखवले असतेस तर जास्त आला असता."

आता ती दर काही दिवसांनी फोन करते आणि खेळात पुढं काय झालं ते विचारते. नवा किल्लेदार कोण, नदीकरांचं कोण लिहितं. मी सांगते. मध्येच ती थांबवते आणि म्हणते, हे नीट सांगत नाहीस, पुन्हा सांग.